कायदा धाब्यावर

परळला आमच्या चाळीच्या नाक्यावर इराण्याचं हॉटेल होतं. मालक यझ्दकडचे शिया मुसलमान. वरच्या माळ्यावर त्यांची आई राहायची, तिला आम्ही पोरं खानुमआजी म्हणायचो. दुपारी माझी आजी तांदूळ निवडायला बसली की ही खाली यायची आणि हिंदी-मराठीच्या मिसळीत तिच्या आईच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

यझ्दची घरं मातीची, एकमेकांना खेटून. गल्लीच्या एका टोकाला धाब्यावर चढलं की वरच्या वर दुसऱ्या टोकाला उतरता येई. घरात न्हाणीघर नसे, सगळा मोहल्ला हमामात जाई. आणि नेमकी हमामाचीच वाट बंद झाली, कारण चादर घेतलेली बाई रस्त्यावर दिसली की शिपाई ती ओढून फाडायचे. मग तिची आई अंधार पडल्यावर, काखेत कपड्यांचं गाठोडं मारून, धाब्यांवरून हमाम गाठायची. एकदा कुणाच्या तरी वाळवणात पाय पडला. आता शिव्या खाव्या लागणार म्हणून ती थबकली, तर त्या घरच्या बाईने खालून कंदील वर केला आणि पुढचा कठडा दाखवला.

रस्त्यावर जाताना चादरीबरोबर आई तोंडावर घोड्याच्या केसांची विणलेली काळी, ताठ झापड बांधायची. ती आता पेटीत गेली होती. सात-आठ वर्षांची खानुम ती गुपचूप काढून डोळ्यांवर धरायची. आतून सगळं दिसतं आणि बाहेरच्याला काही नाही, याची तिला भारी गंमत वाटे.

ही गंमत इराणच्या शहाला मंजूर नव्हती. रेझाशहा १९३४ साली तुर्कस्तानात जाऊन आला आणि आपलाही देश तसाच दिसावा असं त्याच्या मनाने घेतलं. आधी पुरुषांच्या डोक्यावर साहेबी टोपी आली. त्यावरून जुलै १९३५ मध्ये मशहदच्या गोहरशाद मशिदीत जमलेल्या लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. मग ८ जानेवारी १९३६ ला शहा तेहरानच्या अध्यापक विद्यालयात राणीला आणि मुलींना उघड्या तोंडाने घेऊन गेला आणि चादरीवर बंदी आली. सरकारी अधिकाऱ्यांना बायकोसह मेजवान्यांना हजर राहायचे हुकूम सुटले. याच सुमारास तेहरान विद्यापीठाचं दार मुलींना उघडलं, हेही सांगायला हवं. अधिकाऱ्यांच्या लेकी शिकल्या. खानुमआजीच्या वडिलांनी मात्र मोठीला शाळेतून काढलं आणि हिला घातलंच नाही. १९४१ मध्ये इंग्रज आणि रशियन फौजा शिरल्या, शहाला गादी सोडावी लागली, बंदी सैल झाली. आई भर दुपारी चादर घेऊन हमामात गेली. हिचं शाळेचं वय तोवर उलटलं होतं.

माझी आजी हे ऐकून मान हलवायची, कारण तिच्याही सासरी गोषा होता. सातारकडचं मराठा घराणं. देवळात जायचं तरी पडदा लावलेल्या दमणीतून. मुसलमानांनाच पडदा असतो असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जुन्या वाड्यांत डोकावून यावं. तिचा गोषा सुटला तो जमीन गेली, आजोबा गिरणीत कारकून झाले आणि बिऱ्हाड चाळीत आलं तेव्हा. नळ सार्वजनिक, पाणी पहाटे चारला, आणि रांगेत उभं राहायला दुसरं कोण? पहिल्या दिवशी तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. तेवढ्यात कुणीतरी तिची घागर मागे सारून आपली पुढे लावली. भांडायला तोंड उघडं लागतंच!

चेहरा झाकणं मला पटत नाही. बाईच्या चेहऱ्याला घराण्याची अब्रू टांगून ठेवायची ही रीत आमच्या घरातून गेली, ते बरंच झालं. पण ती घालवायला शिपाई आला असता तर आजोबांनी आजीला नळावर पाठवलं असतं का? फ्रान्समध्ये २०११ पासून रस्त्यावर तोंड झाकलं तर दीडशे युरोंपर्यंत दंड आहे. स्वित्झर्लंडने मार्च २०२१ मध्ये ५१.२ टक्के मतांनी बंदी मंजूर केली, आणि देशभर निकाब घेणाऱ्या बायका अंदाजे तीसेक! चेहरा ओळखण्याची गरज बँकेत, विमानतळावर असते, आणि तिथे तेवढ्यापुरता दाखवा म्हणणं मला रास्त वाटतं. रस्त्यावर दंड झालेली बाई मात्र दुसऱ्या दिवशी बाजारात येईल की घरीच बसेल, याचा विचार बंदी घालणारे करताना दिसत नाहीत. तिला घरात बसवणारा नवरा असेल, तर त्याचं काम आयतंच झालं.

इराणमध्ये १९८३ साली उलटा कायदा झाला. त्यात डोकं उघडं दिसलं तर चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा होती. त्या सुमारास खानुमआजीच्या भाचीचं तेहरानहून पत्र आलं होतं. हॉटेलात गल्ल्यावर बसून मुलगा ते वाचून दाखवत होता आणि मधल्या काही ओळी गाळत होता. तिच्या ते लक्षात आलं. पत्र तिने त्याच्या हातून ओढून घेतलं, खाली-वर धरून पाहिलं आणि परत त्याच्याच हातात दिलं.