शुक्रवार, शनिवार, रविवार

कुर्डुवाडीला निम्मा डबा रिकामा झाला. बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं कुणाला पंढरपूरला जायचं होतं, कुणाला बार्शीला. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर पाय पसरून बसलात. मोहोळ मागे पडेपर्यंत उजाडलं. डोळ्यांत कोळशाचे कण गेलेत, सदऱ्याला धुराचा वास लागलाय, आणि खिडकीतून येणारा वारा सकाळीच कोमट झालाय. तारीख आहे ९ मे १९३०, वार शुक्रवार. सुट्टीचे तीन दिवस तुमच्या हातात आहेत, आणि हेच तीन दिवस तुम्ही मुद्दाम निवडून घेतलेत.

सोलापूरच्या फलाटावर अण्णा उभे आहेत. पन्नाशीचे, काटक, खांद्यावर पंचा. साखर पेठेतले पद्मशाली विणकर. तुमचं गाठोडं ते तुमच्या हातून काढूनच घेतात.

"आलाव का पाव्हणं? चला, उन्हाच्या आधी घर गाठू. गावात काय काय झालंय, चालता चालता सांगतो."

स्टेशनापासून तुम्ही चालू लागता. डावीकडे दूर जुन्या मिलचं धुराडं दिसतं. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी ती गिरणी उभी केली, तेव्हापासून या गावाचा दिवस भोंग्यानं सुरू होतो. आज भोंगा झालेला नाही. धुराड्यातून धूर नाही. दीड लाखाच्या आतबाहेर वस्तीचं हे गाव, त्यातले हजारो हात त्या साच्यांवर चालणारे, आणि आज सगळे घरी. आठवड्याला साठ तास काम हा कायदा आहे. त्यातला एकही तास या आठवड्यात मालकाला नीट मिळालेला नाही. पाच तारखेच्या पहाटे कराडी गावात गांधीजींना अटक झाली आणि ती बातमी इथं पोचताच साचे थांबले.

बाळीवेशीपर्यंत आल्यावर तुमच्या लक्षात येतं की काहीतरी कमी आहे. तुम्ही थांबून मागंपुढं बघता. एकही पोलीस दिसलेला नाही. स्टेशनापासून इथवर निळी टोपी नाही, दंडुका नाही. चौकात पांढरी टोपी घातलेला एक पोरगा उभा आहे, मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही, आणि हात दाखवून बैलगाड्यांना वाट करून देतोय. गाडीवान त्याचं ऐकतायत.

"सरकार कुठंय, अण्णा?"

"गेलं की," अण्णा म्हणतात. हसत नाहीत. "काल गेलं."

कालची हकिकत ते चालता चालता सांगतात, पण मंगळवार पेठेजवळ त्यांचा आवाज उतरतो. रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले होते. शिंदीवरचा कर म्हणजे सरकारची मिळकत. झाड पाडलं की ती बुडते. पोलीस आले, धरपकड झाली, लोक हटेनात. कलेक्टर नाईट स्वतः तिथं होता. गावचे पुढारी मल्लप्पा धनशेट्टी लोकांना शांत करायला पुढं झाले. लोक त्यांचं ऐकतही होते. पण झेंडा घेऊन एक तरुण पुढं धावला, शंकर शिवदारे त्याचं नाव, आणि गोळी सुटली. मग गावाला कुणी आवरू शकलं नाही. पोलीस चौकी पेटली, कोर्टाला आग लागली.

ती चौकी आता तुमच्यासमोर आहे. भिंती काळ्या पडल्यात, तुळया अर्ध्या जळून लोंबतायत, आणि जळक्या लाकडाच्या वासात आणखी एक वास आहे. त्याचं नाव तुम्हाला घ्यावंसं वाटत नाही. इथं पोलीस मारले गेले. अण्णा पंचा तोंडाला लावतात. "त्येबी कुणाचं तरी बाप हुतं," एवढंच म्हणून चालू लागतात. हे वाक्य तुम्ही जपून ठेवा. त्या तीन दिवसांचा अभिमान बाळगायचा तर ही चौकी ओलांडूनच पुढं जावं लागतं, वळसा घालून नाही.

घर माळवदाचं आहे. आत शिरताच थंडावा. डोळे अंधाराला सरावले की पहिल्यांदा दिसतो तो माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. मागावर हिरव्या काठाचं लुगडं अर्धवट विणून राहिलंय. सोलापुरी चादर घ्यायची म्हणून तुम्ही मनात ठरवून आला असाल, तर तो बेत सोडा. घराघरांत गेलेली, लग्नाच्या आहेरात हमखास असणारी ती जाड चादर अजून नावारूपाला यायची आहे. सध्या हे गाव लुगड्यांचं आहे.

अक्का कांड्या भरतायत. हात थांबवत नाहीत आणि बोलणंही. पोरांवर तेलुगूत ओरडतात, दारात आलेल्या दूधवालीशी कानडीत भाव करतात, सुताचे पैसे मागायला आलेल्या चाचांना दखनी उर्दूत परत पाठवतात आणि तुमच्याकडे वळून मराठीत म्हणतात, "जेवून घ्या, मग बोला." कडक भाकरी, शेंगाची चटणी, कच्चा कांदा, ताक. चटणीवर तेल सुटलेलं आहे. ती उखळात कुटलेली आहे हे पहिल्या घासाला कळतं. तुम्हाला चार भाषांचं नवल वाटतं, अक्कांना तुमच्या नवलाचं. एका भाषेत आयुष्य काढणारा माणूस या पेठेत सापडणं कठीण.

शनिवारी अण्णा तुम्हाला गाव दाखवायला नेतात. त्यांना दाखवायचंय सिद्धेश्वराचं देऊळ आणि भुईकोट किल्ला. तुम्हाला बघायचीयत ती माणसं. दोन्ही होतं.

बाजारात जा. धान्याची पोती उघडी आहेत, तराजू चालू आहे. एक म्हातारी कनवटीचे पैसे काढून सगळ्यांसमोर मोजतेय. परवा ज्या गावानं कोर्ट जाळलं, त्या गावात आज कुणी दुकान फोडत नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक नाक्यानाक्यावर पहारा देतायत. त्यांच्याकडे बंदूक नाही, साधी काठीही सगळ्यांकडे नाही. त्यांना कुणी पगार देत नाही, हुकूमही कुणी दिलेला नाही. दुसऱ्या दिवशीच हे असं बसलं कसं? अण्णांना विचारता. ते विचार करून सांगतात, "गाव आमचंच हुतं की पयल्यापासून. फकस्त राखण दुसऱ्याची हुती."

पण गावाच्या कडेला तारेचं कुंपण आहे. तुम्ही विचारल्यावाचून अण्णा तिकडे बोट दाखवत नाहीत. ते सेटलमेंट. ज्यांना सरकारनं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्या जमातींची माणसं तारेच्या आत ठेवलेली आहेत. हजेरी द्यायची, परवानगीनं बाहेर पडायचं, गिरणीत राबायचं आणि परत आत यायचं. तार आज, शनिवारी १० मेलाही, तशीच आहे. गावच्या स्वातंत्र्याची हद्द तुम्हाला इथं डोळ्यांनी दिसते. ती अण्णांनाही दिसते. ते काही बोलत नाहीत, पण परतताना पावलं जड पडतात.

तळ्याकाठी संध्याकाळ होते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं लोकांकडून खोदून घेतलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीला त्या लिंगांच्या वाटेनं नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते. अण्णा ते सगळं हातवारे करून सांगतात. जानेवारीत पुन्हा या म्हणतात. तुम्ही मान हलवता. जानेवारी १९३१ मध्ये काय होणार आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. या प्रवासातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे.

रात्री माळवदावर अंथरुणं टाकतात. विटा अजून तापलेल्या आहेत, अक्का पाण्याचा शिपका मारतात आणि मातीचा वास उठतो. शेजारच्या माळवदावरची मंडळीही जागी आहेत. आज सगळं गाव जागं आहे, पण भीतीनं नाही. अण्णा विचारतात, "पाव्हणं, तुमी लई फिरलेलं मानूस. एवढ्याशा गावानं सरकार नको म्हनावं, असं कुठं झालंय का हो?"

मग तुम्ही त्यांना एस्टोनियाची गोष्ट सांगता. उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी, बर्फाचा मुलूख. वस्ती जेमतेम अकरा लाख, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडी जास्त. त्यांची भाषा आजूबाजूच्या बड्या सत्तांपैकी कुणाशीच जुळत नाही. शेकडो वर्षं कधी डॅनिश, कधी जर्मन, कधी स्वीडिश, कधी रशियन मालक. १९१८ साली रशियाची फौज मागे हटत होती आणि जर्मन फौज पुढे येत होती. दोघांच्या मधल्या फटीत, २४ फेब्रुवारीला, टॅलिन शहरात त्यांनी आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी जर्मन फौज शहरात शिरली."

अण्णा उठून बसतात. "एकच दिवस?"

एकच दिवस. पण त्यांनी तो दिवस सोडला नाही. जर्मन गेल्यावर पुन्हा लढले आणि १९२० साली तार्तू गावात रशियाकडून सही घेतली. आज, १९३० मध्ये, तिथं त्यांचंच राज्य आहे, आणि वर्धापनदिन ते सहीचा दिवस धरून करत नाहीत, लढाई संपल्याचाही नाही. त्या एका दिवसाचा करतात. पुढचं तुम्ही अण्णांना सांगत नाही, कारण ते अजून घडायचंय: १९४० साली तेही राज्य जाईल, १९९१ साली परत येईल, आणि त्यानंतरही दर २४ फेब्रुवारीला सूर्य उगवताना टॅलिनच्या पिक हेर्मान बुरुजावर झेंडा चढेल आणि थंडीत कुडकुडत लोक गाणं म्हणायला जमतील.

अण्णा बराच वेळ गप्प असतात. तुम्हाला वाटतं झोपले. मग अंधारातून आवाज येतो, "आमचं दोन दिवस झालं."

रविवारी सकाळी ते तुम्हाला नगरपालिकेचा झेंडा दाखवायला नेतात. ६ एप्रिलला, मिठाचा सत्याग्रह झाला त्याच दिवशी, सोलापूरच्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर हा झेंडा चढवला. सरकारी कायद्यानं चालणारी संस्था, आणि तिच्या डोक्यावर काँग्रेसचा झेंडा! तुम्ही मान वर करून बघता आणि क्षणभर गोंधळता. रंग तुमच्या ओळखीच्या क्रमानं नाहीत. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर मोठा चरखा. केशरी रंग पुढच्या वर्षी येईल. वारा पडलेला आहे, झेंडा काठीला चिकटून आहे, तरी रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण वर बघूनच पुढं जातो.

दुपारी गाठोडं बांधताना अक्का एक पांढरी टोपी तुमच्या हातात ठेवतात. अण्णांच्या सुतातली, त्यांनी स्वतः शिवलेली. "घाला की डोक्यावर," म्हणतात. तुम्ही घालता. आणि तुमच्या तोंडाला कोरड पडते. कारण उद्या सोमवार आहे. उद्या, १२ मेच्या रात्री, लष्करी कायदा पुकारला जाईल. रस्त्यांवर सैन्य फिरेल. डोक्यांवरून याच टोप्या उतरवल्या जातील, झेंडा बाळगला म्हणून माणसं वर्षानुवर्षांच्या सजेवर जातील. पालिकेवरच्या झेंड्यापायी नगराध्यक्ष माणिकचंद शहा तुरुंगात जातील. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडेही जातील. ३० जूनपर्यंत हे चालेल.

तुम्ही सांगू बघता. "अण्णा, उद्या घरातून बाहेर पडू नका. टोपी लपवून ठेवा."

अण्णा तुमच्याकडे बघतात. त्यांनी ओळखलंय, निदान अंदाज तरी बांधलाय. सैन्य येणार हे कळायला भविष्यातून यावं लागत नाही. "येतील की," ते शांतपणे म्हणतात. "पन आज रविवार हाय. आजचा दिस तर आमचाच हाय का न्हाई?"

स्टेशनवर ते गाडी हलेपर्यंत थांबतात. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात धुराडी उभी आहेत, अजूनही धुराशिवाय. गाडी वेग घेते तशी त्यांची पांढरी टोपी लहान होत जाते आणि मग दिसेनाशी होते.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. त्यातले धनशेट्टी ८ मेला लोकांना शांत करत होते. हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. चौघांची आडनावं नुसती एका दमात म्हटली तरी सोलापूरच्या चार पेठा डोळ्यांपुढं येतात. १२ जानेवारी १९३१ ला, संक्रांत तोंडावर आली असताना, येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. सोलापूर त्या तारखेला त्यांच्या पुतळ्यांना हार घालतं, आणि ते घातलेच पाहिजेत.

पण हौतात्म्याचा दिवस पाळणाऱ्या गावानं ज्यासाठी ते घडलं ते दिवसही पाळावेत, असं मला मनापासून वाटतं. एका दिवसाच्या स्वातंत्र्यावर एस्टोनियानं आपला वर्धापनदिन बांधला. सोलापूरकडे तीन आहेत. शाळाशाळांत मुलांना ते सांगा. पेठांमधून त्या वाटेनं त्यांना चालवा, जळालेल्या चौकीची जागा आणि सेटलमेंटची तार दोन्ही दाखवा. आणि तुम्ही बाहेरगावचे असाल, तर येत्या मे महिन्यात ९, १० नाहीतर ११ तारखेला सोलापूरचं तिकीट काढा. ऊन फार असतं, सकाळची गाडी बघा.