मुळाचे देणे

वाटाण्याचे रोप उपटले की आपण मुळे झटकतो. माती गळून पडते, मूळ हाती राहते. मूळ जमिनीतून पाणी आणि क्षार घेते, हे आपण पोरांना शिकवतो. ते जमिनीला काही देते, हे मात्र कळायला बराच काळ गेला.

1860 च्या सुमारास युलियुस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने घासून गुळगुळीत केलेल्या संगमरवरी फरशीवर वाळूत रोपे वाढवली. नंतर पाहतो तो काय, दगडावर मुळांच्या वाटा कोरल्या गेलेल्या! मुळातून आंबट द्रव्य पाझरते, याची ही खूणच होती.

पुढे 1904 साली लोरेंझ हिल्टनर याने हिरवळीचे खत आणि पडीक जमीन यांच्या संदर्भात बोलताना मुळालगतच्या मातीला ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. मुळाच्या पाझरावर तिथे सूक्ष्म जंतूंची वस्ती जगते आणि पिकाचे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते, असे त्याने मांडले.

या पाझरात साखर असते, आम्ले असतात आणि प्रथिनेही असतात. आता प्रथिनाला नत्र लागतो. ज्या नत्रासाठी आपण गोण्याच्या गोण्या खत आणतो, तोच नत्र झाड असा मातीत का बरे घालवते?

2007 साली अमेरिकेतील संशोधकांनी याचा एक उलगडा प्रसिद्ध केला. वाटाण्याच्या मुळांवर त्यांनी मूळकुजीच्या बुरशीचे बीजाणू सोडले. टोकामागच्या भागावर डाग पडले. पण कोवळी टोके शंभरात सरासरी चारच लागण झालेली निघाली. मग टोकातून सुटणारी प्रथिने मोडून टाकणारे द्रव्य त्यात मिसळले, तेव्हा शंभरच्या शंभर टोकांना लागण झाली! त्या द्रव्याने एरवी मुळाची वा बुरशीची वाढ बदलत नाही, हेही त्यांनी तपासून घेतले होते. म्हणजे राखण करीत होती ती मुळाबाहेरची प्रथिनेच. ती शंभराहून अधिक प्रकारची निघाली.

यावरून बीजप्रक्रिया सोडा, असे मी म्हणत नाही. पण शिक्षकबंधूंनो, ‘मूळ शोषून घेते’ हे वाक्य फळ्यावर लिहाल, तेव्हा त्यापुढे ‘आणि देतेही’ एवढे जोडाच. आणि शेतकरी मंडळींनी पुढच्या वेळी मूळ झटकण्याआधी त्याला बिलगलेली माती जरा न्याहाळून पाहावी. झाडाने आपल्या पोटातले काढून तिच्यात घातलेले असते.