टाकीखालची टाकी

शाळेची सहल समुद्रावर गेली की परतताना कुणाच्या तरी बाटलीत एखादा इवलासा मासा असतोच. पाणी समुद्राचंच, मासाही त्यातलाच. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहुधा मेलेला असतो. असं का होतं? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी निरीक्षकांनाही पडला होता. त्यांच्या धडपडीची ही गोष्ट.

१८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनमध्ये समुद्र कुठला? पाणी सारखं बदलणं शक्य नव्हतं. मग त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतू लागली. अर्धा-पाऊण तास! आपण गरम चहा वरून ओततो तसंच. पातळ धारेतल्या पाण्याचा हवेशी खूप जास्त संपर्क येतो आणि ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. प्रवाळ जगले. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा पहिला पंप असा हाडामांसाचा होता.

पुढे पाणवनस्पती ऑक्सिजन पुरवतात हे ध्यानात घेऊन टाक्या बनू लागल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पण साठलेल्या पाण्याच्या टाकीत प्राणी थोडे जास्त झाले किंवा एखादा मरून कुजला, की सगळाच तोल जायचा.

यावर तोडगा काढला विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी. ते लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान चालवायचे. ते दिवाळ्यात निघालं. पण त्या व्यवहारात त्यांनी पाण्याकडे बारकाईने पाहिलं होतं. हॅम्बुर्ग (१८६४), लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) आणि नेपल्स (१८७४) इथल्या मत्स्यालयांत त्यांनी एकच कल्पना वापरली. लोकांना दिसणाऱ्या टाक्या लहान, आणि खाली अंधारात त्यांच्या कितीतरी पट मोठा हौद. पंपाने पाणी वर चढवायचं, टाक्यांत जोरदार धारेने हवेच्या बुडबुड्यांसकट सोडायचं आणि काठावरून ओसंडून ते आपोआप हौदात परत येऊ द्यायचं. रात्रंदिवस. धातू खाऱ्या पाण्यात विरघळून प्राण्यांना मारतो, म्हणून पंप आणि नळ कडक रबराचे.

हौद मोठा, म्हणून घाण विरळ होते आणि तापमान चटकन बदलत नाही. अंधार असल्यामुळे शेवाळ वाढत नाही. इतपत लॉइड यांना उमगलं होतं. पण प्राण्यांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं काय होत होतं? १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम सजीव करतात. १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे केले. हौदाच्या भिंतींवर, नळांच्या आतल्या अंगाला असे जिवाणू मुकाट्याने काम करत असणार. म्हणजे रचना आधी सापडली, तिचं पुरतं कारण नंतर. विज्ञानाच्या इतिहासात असं पुष्कळदा घडतं. मुलांना मात्र आपण नेहमी उलट क्रमाने शिकवतो: आधी नियम, मग उपयोग.

आज घरगुती खाऱ्या टाकीखालीही एक लहान टाकी ठेवतात. तिला 'संप' म्हणतात. हा लॉइड यांच्या हौदाचाच वंशज. फक्त आता जिवाणूंना बसायला जागा मिळावी म्हणून सच्छिद्र दगड मुद्दाम ठेवतात.

वर्गात या रचनेची आकृती काढून एक प्रश्न विचारून पाहावा. अचानक वीज गेली तर वरच्या टाकीतलं किती पाणी खाली येईल? परतीच्या नळाचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर? खालच्या टाकीत नेहमी किती जागा मोकळी ठेवावी लागेल? वक्रनलिकेचा धडा मुलांच्या आपोआप लक्षात येईल. आणि बाटलीतला मासा का मेला, याचंही उत्तर बहुधा तीच देतील.