बक्षिसाचा साप, बाटलीतला साप आणि छायाचित्रातला साप

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकारकडून बक्षीस मिळत असे. मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंदवले, की सहा वर्षे तेथे दरसाल सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेली. एवढ्या संहारानंतरही कोकणच्या कातळावरून फुरसे हटले नाही. आणि मेलेल्या सापांच्या त्या राशींतून, तो कोणत्या वेळी, कोणत्या दगडाखाली, काय खाऊन जगतो, हे कळणार तरी कसे होते? मोजदाद होती ती पैशांसाठी.

अभ्यासकांचा साप बाटलीत असे. खवले मोजण्यास तो उत्तम. रंगास मात्र निरुपयोगी. स्पिरिटमध्ये पिवळे रंगद्रव्य विरघळते आणि हिरवागार चापडा निळा पडतो. जिवंत सापाचे रूप कॅमेऱ्यानेच टिकवले.

त्याचे सामर्थ्य २०२० च्या टाळेबंदीत दिसले. हिमाचलमधील चंबा जिल्ह्यात घरी अडकलेल्या वीरेंद्र भारद्वाज या विद्यार्थ्याने परिसरातील एका कुकरी सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. (गुरख्यांच्या कुकरीसारख्या वळलेल्या मागच्या दातांवरून हे नाव पडले; अंडी चिरण्यास ते उपयोगी पडतात.) बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील झीशान मिर्झा यांना तो साप नेहमीचा वाटला नाही. परंतु छायाचित्रावरून प्रजाती ठरत नाही. नमुने मिळवावे लागले, खवल्यांची रचना आणि डीएनए जवळच्या प्रजातींशी ताडून पाहावे लागले. २०२१ मध्ये ऑलिगोडॉन चुराहेन्सिस हे नाव प्रसिद्ध झाले. चंब्यातील चुराह खोऱ्यावरून ते ठेवले आहे. म्हणजे बाटली सुटली नाही, फक्त तिच्याआधी छायाचित्र आले.

आज आंबोलीच्या पावसाळी रात्रफेऱ्यांत विजेरीच्या उजेडात मलबार चापडा शोधला जातो. तो तासन्‌तास एकाच फांदीवर भक्ष्याची वाट पाहत बसतो, त्यामुळे छायाचित्रकारांचा लाडका. पण चांगल्या पार्श्वभूमीसाठी त्याला काठीने दुसऱ्या फांदीवर हलवले, तर त्याची शिकारीची रात्र वाया जाते आणि चित्रातली नोंदही खोटी ठरते: अधिवास म्हणून दिसते ती छायाचित्रकाराने निवडलेली फांदी. नेमक्या ठिकाणाचा प्रश्न याहून अवघड आहे. ते न दिल्यास अभ्यासकाच्या दृष्टीने छायाचित्राची किंमत निम्म्याने घटते; जाहीर दिल्यास तोच पत्ता साप पकडून विकणाऱ्यालाही मिळतो. म्हणून काही निरीक्षक तालुक्याचे नाव तेवढे जाहीर करतात आणि अचूक जागा अभ्यासकांसाठी वहीत ठेवतात.