रेव्हिंग्टनचा फ्लॉप

शनिवारी पोकरमध्ये माझा फ्लॉप कोरडा गेला. टेबलावरच्या तीन पानांत माझ्या कामाचं एकही नाही. तरी आधी जोर दाखवला होता ना, मग पुन्हा पैसे लावले. समोरचा हटेना. घरी येताना राजापूर आठवलं.

१६५९ मध्ये प्रतापगडावर अफजलखान पडला, तेव्हाच खरं तर विजापूरकरांचा फ्लॉप चुकला होता. पण राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन १६६० साली सिद्दी जौहरच्या मदतीला पन्हाळ्याच्या वेढ्यात गेला. व्यापारी माणूस! 'चेक' म्हणून गप्प बसता आलं असतं. त्याने मात्र इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे फेकले. असा डाव समोरच्याने पानं टाकली तरच चालतो. महाराज जुलैत विशाळगडाला निसटले आणि १६६१ मध्ये राजापुरावर आले. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि सहकारी कैदेत पडले. सुरतेच्या वरिष्ठांनी चक्क हात वर केले: कंपनीचा माल राखताना नाही, पन्हाळ्याला गेलात म्हणून अडकलात!

शेवटचे कैदी १६६३ मध्ये सुटले. नुकसानभरपाईचं घोंगडं मात्र १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हाही भिजतच होतं.