गर्भवतींचे लसीकरण : स्वीकार आणि संकोच

गरोदर स्त्रीला "लस घेतलीत का?" असे विचारले, तर ती पुष्कळदा गोंधळते. लस म्हणजे तान्ह्या बाळाची, पोलिओची, गोवराची. "धनुर्वाताचे इंजेक्शन झाले का?" असे विचारले, की मात्र तत्काळ होकार येतो. वस्तुतः ती लसच असते. परंतु कोणतीही शंका न घेता धनुर्वाताची सुई टोचून घेणारी हीच स्त्री फ्ल्यूच्या किंवा कोविडच्या लसीचे नाव निघताच थबकते, घरी विचारते, शेजारी विचारते, आणि पुष्कळदा बाळंतपणानंतर पाहू असे ठरवते. एकाच स्त्रीच्या मनातील हा भेद हाच या विषयाचा गाभा होय.

धनुर्वाताच्या लसीमागे मोठा इतिहास आहे. नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने कापली, तिच्यावर शेण वा राख लावली, की मातीतील धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरत. पहिले दोनतीन दिवस नीट दूध ओढणारे बाळ अचानक ओढेनासे होई, जबडा आवळला जाई, अंग ताठ होई आणि थोडक्याच दिवसांत सारे संपे. पाचवी-सहावीच्या रात्रीची सटवाईची भीती आपल्या समाजात इतकी खोल का रुजली, याच्या अनेक कारणांत या रोगाचाही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 1988 या एका वर्षात जगभर सुमारे 7,87,000 नवजात अर्भके धनुर्वाताने दगावली. गरोदरपणात मातेला लस दिल्यास अर्भक वाचते, हे न्यू गिनीतील अभ्यासाने 1961 मध्येच दाखवून दिले होते. मातेच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात आणि हे वहन शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. बाळ जन्माला येते ते ही शिदोरी घेऊनच.

भारतात 1978 साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि 1985 साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये मान्य करण्यात आले. हे श्रेय एकट्या लसीचे नव्हे. इस्पितळातील प्रसूती, निर्जंतुक पाते आणि नाळेची स्वच्छता यांचेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शेवटच्या बाळंतपणाच्या वेळी नवजात धनुर्वातापासून संरक्षित असलेल्या मातांचे देशातील प्रमाण 92 टक्के होते. लसीविषयीच्या एवढ्या वादंगात हा आकडा सहसा कोणी सांगत नाही.

हा स्वीकार कोठून आला? त्यासाठी कोणी व्याख्याने दिली नाहीत. नाव नोंदवायला आलेल्या स्त्रीचे वजन घेतले जाते, रक्तदाब पाहिला जातो, लोहाच्या गोळ्या हाती पडतात आणि त्याच ओघात परिचारिका दंडावर सुई टोचते. कार्डावर तारीख लिहिली जाते. सासूनेही तीच सुई घेतलेली असते, मोठ्या जावेनेही. प्रश्नच उद्भवत नाही, कारण निर्णय घेण्याचा क्षणच वेगळा काढलेला नसतो. याची एक उणी बाजूही आहे. ज्या स्त्रीला ही सुई कशासाठी हे कधी कोणी सांगितलेच नाही, तिच्यापाशी पुढे अफवा आली तर तिला उत्तर देण्यासाठी काहीच नसते.

अशी अफवा खुद्द धनुर्वाताच्या लसीविषयीही उठली आहे. 1990 च्या दशकात मेक्सिको आणि फिलिपिन्समध्ये, आणि पुन्हा 2014 मध्ये केनियात, ही लस म्हणजे स्त्रियांना वांझ करण्याचा छुपा डाव असल्याचा आरोप झाला. केनियात तर कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेनेच मोहिमेला उघड विरोध केला. तेथील सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने आरोप फेटाळला. या अफवेचे बीज आपल्या देशातील एका संशोधनात आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी गर्भनिरोधक लसीवर काम केले. एचसीजी या गर्भारपणातील संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करायची, तर शरीर स्वतःच्याच द्रव्याविरुद्ध सहसा उठत नाही. म्हणून त्या संप्रेरकाचा अंश धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडण्यात आला. 148 स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रयोग उघड होता, आणि प्रतिपिंडे ओसरल्यावर गर्भधारणा पुन्हा होऊ शकत होती. परंतु "धनुर्वात" आणि "गर्भनिरोध" हे दोन शब्द एका वाक्यात आले, ते पुन्हा सुटे झालेच नाहीत. गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या धनुर्वाताच्या लसीत ते संप्रेरक नसते. अफवा निराधार होती, पण ती शून्यातून आली नव्हती. तिला केवळ अडाणीपणा म्हणून झिडकारणाऱ्यांचा डाव म्हणूनच फसतो.

कोविडकाळातील संकोचाचे स्वरूप निराळे होते, आणि त्यात व्यवस्थेचाही हात होता. जानेवारी 2021 मध्ये देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा गर्भवती आणि स्तनदा मातांना वगळण्यात आले, कारण चाचण्यांत त्यांचा समावेशच नव्हता. मे महिन्यात स्तनदा मातांना आणि 2 जुलै रोजी गर्भवतींना परवानगी मिळाली. सहा महिने "तुमच्यासाठी नाही" असे ऐकलेल्या स्त्रीने सातव्या महिन्यात "तुम्ही अवश्य घ्या" हे ऐकून लगेच दंड पुढे करावा, ही अपेक्षा जरा जास्तच होती. दरम्यान दुसरी लाट येऊन गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून 2021 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, अभ्यासलेल्या बाधित गर्भवती व बाळंतिणींमधील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेतील 0.7 टक्क्यांवरून दुसऱ्या लाटेत 5.7 टक्क्यांवर गेले होते.

तरीही भारतीय स्त्री मुळातच लसविरोधी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. लस येण्यापूर्वी, 2020 च्या अखेरीस 16 देशांत झालेल्या एका सर्वेक्षणात 90 टक्के परिणामकारक आणि मोफत लस मिळाल्यास घेण्याची तयारी 52 टक्के गर्भवतींनी दर्शविली होती. गर्भवती नसलेल्या मातांत हे प्रमाण 73.4 टक्के होते. सर्वाधिक तयारी दाखविणाऱ्या देशांत भारत होता, तर अमेरिका आणि रशिया मागे होते. अर्थात प्रश्नावलीतील होकार आणि केंद्रावरच्या रांगेतील होकार एक नव्हे.

गर्भवतींना चाचण्यांतून वगळण्याची प्रथा थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर अधिक दृढ झाली. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध मळमळीवर दिले जाई. 1961 मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. ते औषध होते, लस नव्हती. तरी "गरोदरपणी काहीही घेऊ नये" या आपल्या घरोघरीच्या पपई-अननसाच्या पथ्याला वैद्यकीय सावधगिरीचे असे पाठबळ मिळाले. या सावधगिरीत तथ्यही आहे. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या लसींत जिवंत, दुर्बल केलेले विषाणू असल्याने त्या गर्भवतीला देत नाहीत. गर्भधारणेपूर्वी घ्यायच्या असतात. धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसी आणि फ्ल्यूची टोचून देण्याची लस यांत जिवंत जंतू नसतात. हा फरक दोन वाक्यांत सांगता येतो, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तीच दोन वाक्ये राहून जातात.

सार्वत्रिक कार्यक्रमात गर्भवतीसाठी धनुर्वात-घटसर्पाची टीडी हीच लस आहे. फ्ल्यूची आणि डांग्या खोकल्याचा समावेश असलेली टीडॅप लस घेण्याची शिफारस स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना करते. परंतु त्या बहुतांशी खासगी दवाखान्यात, पदरच्या पैशाने घ्याव्या लागतात. त्यामुळे त्या सधनांच्या, म्हणून अनावश्यक, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात 2009 च्या एच1एन1 साथीत अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे 1 टक्का असलेल्या गर्भवतींचा मृतांतील वाटा 5 टक्क्यांच्या आसपास होता. ब्रिटनमध्ये 2012 मध्ये डांग्या खोकल्याने 14 तान्ह्या बाळांचा बळी घेतल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गर्भवतींना ही लस देणे सुरू झाले, आणि नवजातांचे संरक्षण सुमारे 90 टक्के असल्याचे आढळले. बाळाला स्वतःची पहिली मात्रा मिळते ती दीड महिन्याने. मधले आठवडे आईच्या प्रतिपिंडांवरच काढायचे असतात.

देशोदेशीच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार आढळते : गर्भवतीच्या निर्णयावर सर्वाधिक प्रभाव तिची तपासणी करणाऱ्या डॉक्टर वा परिचारिकेच्या शिफारशीचा असतो. "हवी असल्यास घ्या" हे वाक्य तिला नकारासारखे ऐकू येते. गोव्यात प्रसूती जवळजवळ सर्वस्वी इस्पितळांत होतात. तपासणीसाठी स्त्री केंद्रात येतेच, मग ते गावचे आरोग्य केंद्र असो वा बांबोळीचे गोमेकॉ. पोहोचण्याचा प्रश्न येथे बव्हंशी सुटलेला आहे, बोलण्याचा उरला आहे. आणि बोलणे तिच्या एकटीशी करून भागत नाही. नवरा आखातात किंवा बोटीवर असेल तर त्याचा फोन येईपर्यंत निर्णय लांबतो, आणि माहेर व सासर यांची मते पुष्कळदा जुळत नाहीत.

टीडीची पहिली मात्रा गर्भारपण कळताच शक्य तितक्या लवकर आणि दुसरी चार आठवड्यांनी द्यायची असते. मागील गर्भारपणात दोन्ही मात्रा झाल्या असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असल्यास एक वर्धक मात्रा पुरते. मात्रा 36 व्या आठवड्यापूर्वी पूर्ण व्हाव्यात असे अपेक्षित आहे. परंतु उशीर झाला म्हणून स्त्रीला परत पाठवायचे नसते. आधी एकही मात्रा न घेतलेली स्त्री प्रसववेदना सुरू झाल्यावर दाखल झाली, तरी तिला ती तेव्हाही दिली जाते.