केप हॅटरसची लाट: वाळू, दीपगृह आणि शीतयुद्ध
#थ्रेड

१/ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्फिंगच्या इतिहासात केप हॅटरसच्या दीपगृहासमोरील लाटेला मानाचे स्थान आहे. ही लाट घडवण्यात वादळांइतकाच वाटा अमेरिकन आरमाराचा होता. आणि आरमाराच्या ते ध्यानीमनीही नव्हते. तिची ही कथा.

२/ प्रथम भूगोल. नॉर्थ कॅरोलायनाच्या मुख्य भूमीसमोर ‘आउटर बँक्स’ ही अरुंद, लांबलचक बेटांची माळ आहे. एका बाजूस अटलांटिक, दुसऱ्या बाजूस पॅम्लिको साउंडचे उथळ पाणी. मुख्य भूमीची ढाल ठरणाऱ्या अशा बेटांना रोधक बेटे म्हणतात. हॅटरस हे त्यांपैकीच एक.

३/ हे बेट म्हणजे वाळूचा पट्टा. मोठ्या वादळात लाटा ते ओलांडतात आणि समुद्राकडची वाळू मागच्या बाजूस नेऊन पसरवतात. अशा रीतीने बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकते. सरकणे हाच त्याच्या टिकण्याचा मार्ग आहे.

४/ खडकावर फुटणारी लाट ठरलेल्या जागी फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर मात्र ती कोठे फुटणार, हे पाण्याखालचे वाळूचे दांडे ठरवतात. दांडा सरळ व सलग असेल, तर लाट सबंध एकदम कोसळते. त्याला योग्य उतार असेल, तर ती एका टोकाकडून क्रमाने फुटत जाते आणि सर्फरला वाट मिळते. एक वादळ आले, की दांडे हलतात.

५/ हॅटरसला लाटांची वाण नाही. येथे समुद्रबूड जमीन अरुंद असल्याने दूरच्या वादळांतून येणाऱ्या लाटांची शक्ती वाटेत कमी खर्च होते. याच किनाऱ्यावर शेकडो जहाजे बुडाली आणि त्याला ‘अटलांटिकचे स्मशान’ हे नाव पडले.

६/ जहाजांना सावध करण्यासाठी १८७० मध्ये येथे सुमारे ६० मीटर उंचीचे विटांचे नवे दीपगृह उभे राहिले. तेव्हा समुद्र सुमारे ४६० मीटर दूर होता. १९३५ पर्यंत तो ३० मीटरवर आला. पुढच्याच वर्षी दिवा एका पोलादी मनोऱ्यावर हलवावा लागला; तो १९५० मध्ये परतला.

७/ १९५६ मध्ये दीपगृहाशेजारी आरमाराचे केंद्र सुरू झाले. त्याचे खरे काम गुप्त होते: समुद्रतळावरील ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढणे. किनारा खचू लागला, तेव्हा १९६९-७० मध्ये आरमाराने समुद्रात आडव्या शिरणाऱ्या तीन भिंती बांधल्या.

८/ किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारी वाळू भिंतींपाशी अडली. एरवी भटके असणारे दांडे तेथे स्थिरावले, आणि सर्फरांना भरवशाची लाट लाभली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ईस्टर्न सर्फिंग असोसिएशनच्या अजिंक्यपद स्पर्धा पुढे अनेक वर्षे येथेच रंगल्या.

९/ परंतु वाळू एका ठिकाणी अडली, की पुढच्या किनाऱ्याची वाटणी घटते. शेवटची भिंत दीपगृहापाशीच होती; तिच्या दक्षिणेस झीज वाढली आणि समुद्र दीपगृहाला बगलेतून भिडू लागला. सर्फरांचे सुख आणि दीपगृहाचे संकट एकाच भिंतीतून जन्मले होते.

१०/ १९८२ मध्ये आरमाराचे केंद्र बंद झाले. प्रश्न मागे उरला. वाळूच्या गोण्या, नव्या भिंती की स्थलांतर? १९८५ मध्ये राज्याने खुल्या समुद्रकिनाऱ्यावर अशा पक्क्या बांधकामांना मनाई केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दीपगृह हलवण्याची शिफारस केली. स्थानिकांचा विरोध तीव्र होता: मनोरा वाटेतच ढासळला तर? आणि तो गेल्यावर आमच्या किनाऱ्याकडे कोण पाहणार?

११/ १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,८०० टनांचे ते दीपगृह रुळांवरून २३ दिवसांत सुमारे ८८४ मीटर आत नेण्यात आले. मनोरा सुखरूप पोहोचला. समुद्राशी त्याचे अंतर पुन्हा जवळपास १८७० इतके झाले.

१२/ स्थानिकांचा दुसरा प्रश्न मात्र सुटला नाही. भिंती मोडकळीस आल्या, तसे दांडेही पुन्हा भटके झाले. २००३ मध्ये इसाबेल चक्रीवादळाने बेट चिरून नवे मुख उघडले. ते त्याच वर्षी वाळूने बुजवण्यात आले. उत्तरेकडील रोडँथ गावात २०२० पासून अनेक घरे समुद्रात कोसळली आहेत.

१३/ दीपगृह हलवता आले, कारण ते एकच होते, राष्ट्राच्या मालकीचे होते आणि त्यासाठी जागा व पैसा उपलब्ध होता. एका सबंध गावासाठी हे कोण करणार? सरकत्या बेटावर स्थिर आयुष्य मांडणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. सर्फर मात्र प्रत्येक वादळानंतर नवा दांडा शोधत किनाऱ्याने चालत जातो. त्याच्याजवळ हलवायला एक फळीच असते.

(समाप्त)